कोपऱ्यातल्या खाटेवरचं पीस

वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती. रोगी माना उंचावून बघत होते, नातेवाईक दारात दाटीने उभे होते, आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेच्या वर दोऱ्याने टांगलेलं एक पीस थरथरत होतं. पंखे बंद, खिडक्याही बंद. तरी पीस हलत होतं.

"हा वारा नव्हे, बाळांनो, हा श्वास आहे," पीस टांगून बाधा ओळखणारे पिसेबाबा म्हणाले. "या खाटेवर गेलेले तिघे अजून श्वास घेतायत. त्यांना चौथा सोबती हवाय." मग आवाज मऊ करून त्यांनी शांतीचा खर्च सांगितला. मेलेल्यांचा श्वास आणि जिवंतांचा खिसा, बाबांना दोन्ही बरोबर सापडायचे.

सिस्टर औषधांच्या ट्रॉलीला टेकून उभी होती. तिघांतले शेवटचे तिचे वडील. पोटाचं साधं ऑपरेशन, मग जखम चिघळली आणि एकही अँटिबायोटिक लागू पडेना. ते गेल्यापासून ती कामावर येत होती, सुया टोचत होती, कुणी बोललं तर हो म्हणत होती. रडू येत नव्हतं. पिसेबाबा खरं बोलत असतील तर बरं, एवढंच तिला वाटलं. निदान बोट दाखवायला कुणीतरी मिळेल.

दारात स्ट्रेचरवर एका बस कंडक्टरची बायको होती, आजच ऑपरेशन झालेली. वॉर्डात तेवढी एकच खाट रिकामी. कंडक्टर हात जोडून म्हणाला, "काय ती शांती करून टाका, बाबा. घरी दोन लेकरं आहेत."

"शांती झाली की बिनघोर निजवा तिला."

"जरा थांबा." लॅबच्या डॉक्टरीणबाई गर्दीतून वाट काढत आल्या. त्या पिसाकडे नाही, मागच्या भिंतीतल्या जाळीकडे बघत होत्या. जाळीपलीकडून फटक, फटक असा आवाज येत होता. त्या पलीकडच्या खोलीत गेल्या. आवाज थांबला, आणि हळूहळू पीसही थांबलं. पुन्हा फटक झालं, पुन्हा पीस हललं.

"मेलेले माझ्या सांगण्यावरून श्वास रोखतात का हो, बाबा?" परत येऊन त्यांनी विचारलं. कुणीतरी फिसकन हसलं.

पलीकडे धुवायच्या चादरी जमत. त्यांत अडकलेले चमचे, थर्मामीटर सापडावेत म्हणून मावश्या एकेक चादर झटकत, आणि संसर्गामुळे वेगळ्या खोलीत ठेवलेल्या रोग्यांच्या चादरीही त्यातच असत.

"त्या चादरींवर औषधांना दाद न देणारे जंतू आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झटकलं की धुळीबरोबर उडतात, जाळीतून येतात, इथे निजलेल्याच्या जखमेवर बसतात. त्यात बाबांनी खिडक्या लावायला सांगितल्या, म्हणजे बाहेर जायची वाटही बंद. मी सगळ्या खाटांजवळ जंतू वाढवायच्या बशा उघड्या ठेवल्या होत्या. आज निकाल आला." त्यांनी एक बशी पुढे धरली. ती पिवळट ठिपक्यांनी भरली होती. "ही या खाटेची. सिस्टर, तुमच्या वडिलांच्या जखमेत निघाला तो हाच जंतू."

बाबांनी पीस खिशात घातलं आणि काढता पाय घेतला. त्यांना कुणी अडवलं नाही.

सिस्टर खाटेकडे बघत राहिली. "तिथे जरा वारा येतो," ती सपाट आवाजात म्हणाली, "माझ्या वडिलांना उकडू नये म्हणून ही खाट मीच मागून घेतली होती."

मग तिने एकेक खिडकी उघडली, आणि स्ट्रेचर जाळीपासून लांब, खिडकीशी ओढून घेतलं.

"पीस हलताना आपण सगळ्यांनी बघितलं," ती लोकांना म्हणाली. "कशाने हलतं, ते एकीनेच विचारलं. इथून पुढे आधी विचारा. हात नंतर जोडा."