जाड तेल

आमच्या घरात चार महिने एकाच गोष्टीवरून वाद चालला होता आणि तो मी हरलो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणायचं की मिस्त्रीने स्वतःची बाजू सावरून गोष्ट सांगितली.

वाद गाडीचा होता. माझं गॅरेज आहे. चौतीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांची बॉनेटं उघडतोय, त्यामुळे गाडीच्या बाबतीत घरातलं कुणी माझ्यापुढे बोलेल असं मला वाटत नव्हतं. पण माझी मुलगी बोलली. ती नर्स आहे, घाटावरच्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात. लहानपणी एका जागी कधी बसलीच नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो, आणि अजूनही तेच म्हणतो. तिला रोज घाट चढायचा आणि रोज उतरायचा. त्यासाठी मी तिला माझी जुनी गाडी दिली होती. नऊ वर्षांत ती एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. बायको म्हणते, या घरात एवढं भरवशाचं दुसरं काही नाही, आणि म्हणताना माझ्याकडे बघते.

भिंगरीला नवी गाडी घ्यायची होती. छोटी, परवडणारी, पण टर्बोवाली.

आता टर्बो म्हणजे काय, तर इंजिनला जोडलेली एक भिंगरीच. इंजिनमधून बाहेर पडणारा धूर जाता जाता तिला फिरवतो, आणि ती फिरता फिरता इंजिनात जास्तीची हवा कोंबते. मिनिटाला लाखाच्या वर फेरे. त्यामुळे एक लिटरचं इंजिन दीड लिटरसारखं पळतं. ऐकायला छान आहे. पण एका माणसाकडून दीड माणसाचं काम रोज करून घेतलं तर तो किती वर्षं टिकेल, एवढाच माझा प्रश्न होता.

"तुम्हाला गाडी टिकायला हवी आहे बाबा," भिंगरी म्हणाली. "मला पोहोचायला हवंय."

"टिकली तर पोहोचशील ना!"

"ट्रक ओलांडताना तुमची ही म्हातारी गाडी मध्येच मान टाकते. समोरून बस येत असते. गाडी बंद पडली तर मी कडेला उभी राहीन. पण ओव्हरटेक अर्धवट राहिला तर कुठे उभी राहू?"

"ओव्हरटेक करूच नये माणसाने. ट्रकच्या मागे मागे जावं."

"आणि तिकडे बाळाला सांगू, जरा थांब रे, ट्रक पुढे आहे?"

"घ्या," बायको म्हणाली. "द्या आता उत्तर."

मी रागावून गॅरेजात गेलो आणि कुणाच्या तरी गाडीचे चांगले घट्ट असलेले नट पुन्हा घट्ट केले.

भिंगरीने शेवटी स्वतःच्या पगारातून तीच गाडी घेतली, आणि म्हातारी मला परत दिली. गाडी दारात आली तेव्हा बायको पुढच्या सीटवर बसून चक्कर मारून आली, शेजारपाजारचेही बसून आले. मी बसलो नाही. पाठ दुखतेय म्हटलं. खरं सांगायचं तर पोटात दुखत होतं. पोरीने आयुष्यातला पहिला मोठा निर्णय घेतला आणि तो माझं न ऐकता घेतला, तेही माझ्याच विषयात, हे मला पचत नव्हतं.

मग ती आठ दिवस ट्रेनिंगला गेली. गाडी माझ्या गॅरेजात लावून गेली आणि जाताना बजावून गेली, "धुवायची तर धुवा. बाकी हात लावू नका."

दोन दिवस मी खरोखर हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सहज बॉनेट उघडलं आणि तेल बघायची पट्टी बाहेर काढली. तेल कसलं, पाणीच. बोटांत धरलं तर जाणवेना. माझ्या पिढीच्या सगळ्या मिस्त्र्यांचं यावर एकमत आहे: कंपन्या ॲव्हरेज जास्त दाखवायला पातळ तेल घालतात आणि इंजिन मेलं की हात वर करतात. माझ्या गॅरेजात एक पिंप असतं जाड तेलाचं. बोटावर घेतलं की मधासारखं सावकाश ओघळतं. या तेलावर मी किती मरायला टेकलेली इंजिनं जगवली आहेत! मी मनाशी म्हटलं, एवढी नाजूक भिंगरी, एवढे फेरे, तिला तर जाडच तेल हवं. ती घाटात एकटी असते. आपण समोर नाही, निदान आपलं तेल तरी बरोबर असू दे.

पातळ तेल काढून टाकलं, जाड भरलं, बॉनेट लावलं, गाडी धुतली. कुणाला काही बोललो नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, पण ते मला कळायला अजून तीन आठवडे होते.

भिंगरी आली, गाडी घेऊन गेली. दहा-बारा दिवसांनी जेवताना म्हणाली, "बाबा, सकाळी सुरू केली की किरकिर आवाज येतो. आणि चढावर पहिल्यासारखी खेचत नाही."

मला काय वाटायला हवं होतं? काळजी. मला काय वाटलं? आनंद. लाज वाटते सांगायला, पण आनंदच वाटला.

"मी म्हटलं नव्हतं?" मी म्हणालो. "अजून वर्षसुद्धा झालं नाही, आणि आत्ताच दमली. टर्बो म्हणजे चार दिवसांची चमक."

मला वाटलं ती भांडेल. ती भांडली नाही. ताटातलं अन्न चिवडत म्हणाली, "तुमचंच खरं असेल बाबा."

त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो. पुढचा आठवडाभर गॅरेजात येईल त्या प्रत्येकाला धरून टर्बोवर प्रवचन दिलं. बायको एकदा म्हणाली, "पोर गप्प गप्प असते हल्ली." मी म्हटलं, "अक्कल येताना माणूस गप्पच होतो."

आणि मग एका सकाळी पार्टवाला आला. हा आमच्या सगळ्या गॅरेजांना सुटे भाग पुरवतो, आणि त्यांच्याबरोबर बातम्याही पुरवतो. ब्रेकचे पॅड टेबलावर ठेवता ठेवता तो म्हणाला, "मिस्त्री, तुमच्यासारखाच एक शहाणा भेटला काल. टर्बो गाडीत जाड तेल घातलं त्याने. ती भिंगरी ज्या दांड्यावर फिरते ना, तिथे केसाएवढी फट असते. त्यातून पातळ तेलच वेळेवर जातं. सकाळी गाडी थंड असताना जाड तेल पोहोचेपर्यंत दांडा कोरडाच घासतो. महिन्याभरात टर्बो जाम. चढावर, ट्रकच्या बाजूला असतानाच गाडीतला जोर गेला, वाचला बिचारा कसाबसा."

माझ्या हातातला पाना खाली पडला.

"काय झालं?" पार्टवाल्याने विचारलं.

"पातळ तेल आहे तुझ्याकडे? टर्बोचं? आणि फिल्टर?"

भिंगरीला फोन लावला. उचलला नाही. गाडी चालवताना ती फोन उचलत नाही, मीच लावलेली शिस्त. तिची ड्युटी दहाची, आता साडेनऊ झाले होते, म्हणजे ती घाटात होती. मी तेलाचा डबा, फिल्टर आणि पान्यांची पिशवी म्हातारीत टाकली आणि निघालो.

घाटात पहिल्याच वळणावर पुढे ट्रक लागला. सिमेंटच्या पोत्यांनी भरलेला, मुंगीच्या चालीने चाललेला. मी पाच मिनिटं मागे राहिलो. माझीच शिकवण होती ती. पण डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, पोरीची गाडी ट्रकच्या बाजूला आहे आणि तिच्यातला जोर गेला आहे. शेवटी सरळ रस्ता दिसला, गिअर खाली घेतला आणि म्हातारीला दामटलं. म्हातारीने आवाज मोठा केला, बाकी काही केलं नाही. ट्रकच्या मध्यावर आलो आणि वळणातून बस बाहेर आली. पुढे जाता येईना, ब्रेक दाबून मागे सरकेपर्यंत बसचा हॉर्न कानात शिरला, आणि कसाबसा मी ट्रकच्या मागे परत घुसलो तेव्हा बस आरशाला वारा देऊन गेली. नऊ वर्षं मी माझ्या मुलीला रोज या गाडीतून या रस्त्याने पाठवत होतो आणि वर भरवशाच्या गप्पा मारत होतो. मला एवढा राग क्वचितच कुणाचा आला असेल, आणि या वेळी तो माझाच होता.

उरलेला घाट मी त्या ट्रकच्या मागे चढलो. प्रत्येक वळणावर कडेला एखादी पांढरी छोटी गाडी उभी आहे का, गर्दी जमली आहे का, हे बघत होतो.

दवाखान्याच्या आवारात शिरलो आणि पिंपळाखाली तिची गाडी दिसली. सरळ उभी, चारी चाकं जाग्यावर, काचेवर उन्हाचा कवडसा. मी म्हातारीतून उतरलो नाही. स्टिअरिंगवर डोकं ठेवून दोन मिनिटं बसून राहिलो. पोर पोहोचली होती. बाकी जे काय व्हायचं ते होऊ दे.

खिडकीतून म्हातारी दिसली म्हणून भिंगरी वॉर्डातून धावतच बाहेर आली. "बाबा? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. मी बरा नाही," मी म्हणालो. "तुझ्या गाडीत मी जाड तेल घातलं. तू ट्रेनिंगला होतीस तेव्हा. किरकिर त्याची आहे. खेचत नाही ते त्याच्यामुळे. टर्बोचा दोष नाही, माझा आहे."

मला वाटलं आता ही ओरडेल. तिला पूर्ण हक्क होता. तिने विचारलं ते वेगळंच.

"म्हणजे गाडी चांगली आहे?"

"चांगली होती. आता बघायला हवं."

"म्हणजे मी चुकले नव्हते?"

एवढंच विचारलं आणि तिचे डोळे भरले. मग तिने सांगितलं. गेले दोन आठवडे ती ट्रकच्या मागे मागे यायची, ओव्हरटेकची हिंमत गेली होती. दोनदा ड्युटीला उशीर झाला. वॉर्डात साधं इंजेक्शन भरतानाही तीनतीनदा बघायची, गाडी निवडण्यात एवढं चुकलं तर हेही चुकत असेल म्हणून. आणि दवाखान्याच्या औषधवाल्याला तिने गाडी विकायचं कबूल केलं होतं, तो दुपारी येणार होता. मी तेल तिच्या इंजिनात ओतलं होतं, पण किरकिर भलत्याच ठिकाणी सुरू झाली होती.

"तू बरोबर होतीस," मी म्हणालो. "गाडीचंही आणि ओव्हरटेकचंही. आत्ता येताना कळलं मला." चौतीस वर्षांत गाडीच्या बाबतीत हे वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते जरा अडखळत आलं.

"आधी टर्बो बघा," ती डोळे पुसत म्हणाली. "रडायला मला वेळ नाही, आत एक बाई कळा देतेय."

किल्ली माझ्या हातात टेकवून ती आत गेली. मी इंजिन जरा निवू दिलं आणि हवेचा पाइप सोडवला. आत दोन बोटं घालून टर्बोच्या भिंगरीचा दांडा धरला. तो दांडा जर वरखाली हलला तर समजायचं, गेला. डोळे मिटून हलवून बघितला. हलेना. बोटाने फिरवला, सुळकन फिरला, कुठे घासला नाही. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदाही बघितलं. मग तिथेच जमिनीवर बसून मोठ्याने हसलो. एक आजोबा सलाईनचा स्टँड धरून बाहेर आले होते, ते लांबून गेले.

वॉर्डातून जुना प्लास्टिकचा टब मागून आणला, गाडीची पुढची चाकं पायरीशेजारच्या उतारावर चढवली, दगड लावले आणि जाड तेल काढलं. निवांत, मधासारखं, ओघळता ओघळेना. फिल्टर बदलला, पातळ तेल भरलं. किल्ली फिरवली. किरकिर नाही. कान लावून ऐकलं, इंजिन शहाण्या पोरासारखं एका लयीत चालत होतं.

दोन वाजता भिंगरी आली. मुलगी झाली म्हणाली, मग मला नाही, त्या बाईला झाली, असं काहीतरी दमलेलं बोलली. मी किल्ली तिच्या हातात दिली आणि पुढच्या सीटवर, तिच्या शेजारी, पहिल्यांदा बसलो. तिने आवाराच्या बाहेर काढून गाडी चढावर दामटली. पाठ सीटला चिकटली माझी.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"सावकाश," मी म्हणालो, आणि दाराची मूठ धरली. पण हसू लपेना.

परत आलो तर औषधवाला पिंपळाखाली वाट बघत उभा होता, गाडी घ्यायला म्हणून नवीन शर्ट घालून. भिंगरीने काच खाली केली.

"माफ करा काका, गाडी विकायची नाही आता."

"अगं पण बिघाड आहे म्हणालीस ना?"

"होता," भिंगरी म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हे बघा, माझे वडील. आज दुरुस्त झाले."