गोडं पाणी

"बाहेर किती दिवस राहणार, ते सांगा आधी," दुकानदार मनोज म्हणाला. "कॅन केवढा द्यायचा ते त्यावर ठरेल."

केसरीनाथ काउंटरवरच्या दोन वस्तूंकडे पाहत राहिला. धामणकर नाक्यावरच्या त्या अरुंद दुकानात तिन्ही भिंतींना माशांच्या टाक्या होत्या. बाहेर रिक्षावाले गिऱ्हाइकांना ओरडून बोलावत होते.

"डाक्टर काय सांगत न्हाय," तो म्हणाला. "आदी ॲडमिट करा, मंग बगू, म्हनतात."

त्याच्या बायकोच्या, कमळाच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा ठाण्याला जायचं, तर मानकोलीहून निघून घरी परतेपर्यंत दिवस संपायचा. आता डायलिसिसची सुई घालायची हातातली शीरही बंद पडली होती. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन मानेतून नळी घालायची ठरत होती. तिच्याजवळ केसरीनाथशिवाय दुसरं कोण राहणार?

आणि घरी ती टाकी. बंगला बांधला तेव्हा मुलाने, भाविकने, हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी हॉलमध्ये मांडली. लग्न झाल्यावर तो ठाण्याला फ्लॅटमध्ये गेला, टाकी मागे राहिली. कमळा आजारी पडली तशी तिची खाट टाकीसमोर आली. दोन केशरी मासे दगडाला चिकटलेल्या, फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री जिवात शिरत आणि बाहेर येत. ते बघत ती तासन्‌तास पडून राही.

टाकीतलं पाणी उडून जाई आणि मीठ मागे राही. रोज थोडं गोडं पाणी घातलं नाही, तर खारेपणा वाढून मासे तडफडत. केसरीनाथच्या बापाची हयात मिठागरात गेली होती. उन्हाने पाणी न्यावं आणि मीठ ठेवावं, म्हणून त्या माणसाने देवाला नारळ फोडले होते. मिठागरावर आता भराव पडून गोडाऊन उभी होती. इथे हॉलमध्ये पंख्याखाली पाणी आटू नये म्हणून त्याचाच मुलगा, केसरीनाथ, धडपडत होता.

दिवाळीत कमळाला अचानक दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा पाणी चार बोटं खाली गेलं. केसरीनाथने घाईघाईत गोड्या पाण्याची एक अख्खी बादली एकदम ओतली. दुसऱ्या दिवशी टाकीतला तिसरा, पिवळा मासा उताणा तरंगताना दिसला. कमळा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"हे बघा काका," मनोज म्हणाला, "हे मशीन मुंबईहून मागवलंय. पाणी खाली गेलं की याला कळतं, मोटर चालू होते. एकदम बरोबर काम करतं. पण आपल्याकडे लाइट किती वेळ असते ते तुम्हाला माहीतच आहे. आणि याच्या डोळ्यावर, म्हणजे सेन्सरवर, मीठ बसलं, तर मोटर थांबायची नाही. कॅनमधलं सगळं पाणी आत."

"नि यो दुसरा?"

"हा साधा बॉल-कॉक. छपरावरच्या टाकीत असतो ना, तसाच, लहान. कॅन वर ठेवायचा, पाणी आपोआप उतरतं. लाइट नको. पण यालाही मीठ धरतं. कोणीतरी चार-आठ दिवसांनी पुसायला पाहिजे. घरी कोण असेल?"

भाविकचा फोन हल्ली कमळाच्या तब्येतीपुरताच येई. शेजारची गुणाबाई मायाळू, पण तिला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं.

"बॉल-कॉक दे," तो शेवटी म्हणाला. "नि कॅन सगल्यात मोटा."

घरी आला तेव्हा कमळा जागीच होती. पाणी अंगातच साठून पाय उशीसारखे सुजले होते; जास्त पाणी जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आनला काय?"

"आनला. आता आपुन कितीबी दिस ऱ्हावलो तरी काळजी न्हाय."

तो स्टुलावर चढून कॅन ठेवू लागला. कमळा त्याच्या पाठीकडे बघत होती.

"मी न्हाय जानार," ती म्हणाली.

"मानंत यकदा नळी बसली का–"

"ठान्याला न्हाय, मुंबयला न्हाय. सुयांनी हात चाळन झालाय माजा. मना घरातच ऱ्हाऊ दे."

तो स्टुलावरून खाली उतरला. मग तो चिडला, भाविकला बोलावतो म्हणाला, तिच्या खाटेवर बसून तिचा हात धरून विनवण्या करत राहिला. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्याने पुन्हा सांगितलं. ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि भीतीही दिसत नव्हती. केसरीनाथने तिचा हात सोडला.

"लाव तो तुजा बॉल," ती म्हणाली. "आनलास ना."

त्याने लावला. कॅनची तोटी उघडली. थोडा वेळ बारीक धार लागली, मग पाणी खुणेपर्यंत आलं आणि धार आपली आपण थांबली. केशरी मासे क्षणभर वर आले आणि पुन्हा खाली गेले. वस्तू चांगली होती. मनोजने फसवलं नव्हतं.

"मना पानी दे गो म्हन्‌लं तर गुणाबाई वाटी भरून देते," कमळा म्हणाली. "डाक्टरनी सांगलाय तेवडाच. जीब सुकून जाते."

केसरीनाथ आत गेला. माठावरचं ताट सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तांब्या होता, काठोकाठ भरलेला. पाणी सांडू नये म्हणून तो हळूहळू चालत होता.

त्याने तिला पाठीमागून आधार देऊन बसवलं. कमळाने तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्याने मान वळवली नाही.

ती पिऊ लागली.