मिटलेली नऊ बोटं

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नागोजी यंत्राच्या भागांची मापं तपासायचा. केसाएवढी चूक दिसली तरी भाग परत पाठवायचा. म्हणून चामराजपेटच्या मैदानावर खो-खोची निवड असली, की प्रशिक्षक नरसिंहराव वेळ मोजायचं घड्याळ डोळे झाकून त्याच्या हाती देत. वीस वर्षांत त्याच्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती.

पंच्याण्णव साली जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरली आणि तिच्यासाठी मुली दोन: शेजारची वसुमती आणि नागोजीची लेक रक्षिता. वसुमती शहाण्णव सेकंद टिकली. रक्षिता नव्वदाव्या सेकंदाला बाद झाली.

"रक्षिताचे किती, नागोजी?" नरसिंहरावांनी विचारलं.

"शंभर." जीभ कशी रेटली, देव जाणे! घड्याळ त्यानं लगेच शून्यावर आणलं. कुंपणानंच शेत खाल्लं, म्हणतात ते हेच.

संध्याकाळी वसुमती दारात आली. आता ही भांडणार, असं नागोजीला वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

"अण्णा, माझं मोजणं चुकतंय हो," ती म्हणाली. "मी पळताना घाबरून मोजलंच नाही. पण रक्षिता पळाली तेव्हा मोजलं, तर नव्वदच आले. स्वल्प, थोडं परत शिकवा की."

दोघींना शिकवलं त्यानंच होतं. मनात एक भवानी, दोन भवानी म्हणत जायचं. दहा झाले की एक बोट मिटायचं.

त्यानं घड्याळ चालू केलं. वसुमती डोळे मिटून पुटपुटू लागली. एकेक बोट मिटत गेलं. नववं मिटताच ती म्हणाली, "नव्वद." घड्याळातही नव्वदच झाले होते.

नागोजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं अगदी ओठांवर आलं होतं. पण आत रक्षिताची आई संघाच्या नव्या गणवेशावर लेकीचं नाव शिवत बसली होती.

"शंभर झालेत, बाळ," तो म्हणाला. "हळू मोजतेस तू. जरा भरभर म्हणत जा."

"सरी, तसंच म्हणते, अण्णा." तिनं वाकून नमस्कार केला आणि पायऱ्या उतरता उतरता ती भरभर म्हणू लागली, "एक भवानी, दोन भवानी..."

तिला हाक मारायलाही त्याला तोंड उरलं नव्हतं. मागं वळला, तर उंबऱ्यात रक्षिता उभी. तिनं दोन्ही हात पुढं केले. नऊ बोटं मिटलेली होती.

"अप्पा, मीपण हळू मोजते का?"