भिकाजीसाठी बर्फ

अमिरातीतल्या अल ऐनमधली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी १९९४ साली शोभनाताईंच्या खोलीत सुरू झाली. ताई हॉस्पिटलात नर्स. सुट्टी शुक्रवारी, म्हणून उपासनाही शुक्रवारी. पहिल्या दिवशी आम्ही पाच माणसं होतो, आणि एक ढोलकी. पुढे दोनशे झालो, पण पाया त्या खोलीतला. मी नगरकडचा गवंडी. बेचाळिसाव्या वर्षी मला अक्षरं ताईंनीच शिकवली, बायबलच्या ओळीवर माझं बोट धरून.

दोन वर्षांनी एका जुन्या व्हिलाची मागची बाजू भाड्याने मिळाली, तेव्हा ताई म्हणाल्या, "दादा, आता हौद बांधा."

आमच्यात डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही. माणूस अख्खा पाण्याखाली गेला, तरच बाप्तिस्मा.

पहिला नंबर भिकाजीचा. शटरिंगचा सुतार. कंपनीने व्हिसा कॅन्सल केलेला, शनिवारी पहाटेचं विमान. त्याच्या गावात बाप्तिस्मा देणारं कोणी नव्हतं. दारू सोडून वर्षभर तो या दिवसाची वाट बघत होता. पास्टर सूर्यकांत अबुधाबीहून येणार आणि ड्युटीसाठी एक वाजता परत निघणार.

गुरुवारी हौद पाझरायला लागला. मी तो रिकामा केला, फट भरली, रात्रभर सुकू दिली. शुक्रवारी सकाळी नळ सोडला. ऑगस्ट महिना, गच्चीवर तापलेल्या टाकीचं पाणी, आणि ते निवायला रात्र उरली नव्हती. हौद भरला, मी हात घातला आणि ओरडलोच.

"दादा, मला बाप्तिस्मा द्यायचाय, बटाटे उकडायचे नाहीत," भिकाजी म्हणाला. सगळे हसले. त्याचा चेहरा मात्र उतरला होता.

पास्टर तोवर येऊन पोचले होते. "पास्टर, गार पाण्याचे दोन तांबे डोक्यावर ओता," मी म्हणालो. "चूक माझी आहे. देव समजून घेईल."

"देव घेईल हो," ताई म्हणाल्या. "भिकाजी घेईल का?"

आणि त्या रस्ता ओलांडून निघाल्या. मी मागे धावलो. समोर हमदुल्ला पठाणाचं ज्यूसचं दुकान. आमच्या टाळ्यांवरून तो दर शुक्रवारी ओरडायचा, म्हणून आम्ही त्याला कधी सलामही केला नव्हता. पांढरे कपडे घालून तो नमाजासाठी शटर ओढत होता.

"भाईसाब, बर्फ चाहिए. जितना है, सब."

"शादी है क्या?"

"नहीं. हमारे धरम में आदमी को पानी में उतारते हैं. पानी बहुत गरम है, और कल सुबह उसकी फ्लाइट है."

हमदुल्लाने घड्याळ बघितलं. "मेरी जुम्मे की नमाज निकल जाएगी, बहन." मग शटर वर केलं. "यल्ला, जल्दी! मुँह क्या देखते हो?" हे मला.

बर्फाची पहिली लादी त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली. चार फेऱ्या झाल्या. त्याची कमीज ओली झाली. शेवटी हौदात कोपरापर्यंत हात घालून तो म्हणाला, "अब ठीक है. लेकिन ताली धीरे बजाना!" आणि तसाच मशिदीकडे पळाला.

साडेबारा वाजले होते. भिकाजी हौदात उतरला. पास्टरनी त्याला मागे झुकवून बुडवलं.

"गुडघा वर राहिला," पास्टर म्हणाले. "पुन्हा."

"ऑगस्टात थंडीने मारताय का मला!" भिकाजीचे दात वाजत होते. "बुडवा, पण एकदाच काय ते बुडवा!"

दुसऱ्यांदा तो अख्खा खाली गेला. वर आला तेव्हा रडत होता आणि भलत्याच भाषेत देवाशी बोलत होता. ती मराठी नव्हती, हिंदीही नव्हती. आमच्यात पवित्र आत्मा उतरला की असं होतं. पण त्या मंडळीत आम्ही ते पहिल्यांदाच ऐकत होतो. सगळ्यांनी गुडघे टेकले.

एक वाजला. पास्टर टॅक्सीत बसले. भिकाजी अजून पाण्यातच होता, डोळे मिटून त्याच भाषेत बोलत. मी त्याला हात द्यायला वाकलो.

टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या ताई म्हणाल्या, "राहू द्या त्याला, दादा. बर्फ विरघळेपर्यंत राहू द्या."