करवत कोण चालवतो?

त्या वर्षी नोव्हेंबर अर्धा सरला तरी मागच्या भिंतीला लावलेली आमची जळणाची रास माझ्या गुडघ्याच्या वर गेली नव्हती. एरवी द्राक्षाची पानं पिवळी पडायच्या आत ती छपराला टेकलेली असायची. गुडघ्याएवढी रास म्हणजे दहा दिवस, फार ओढूनताणून बारा. आणि अक्कारच्या आमच्या डोंगरात थंडी मार्च संपेपर्यंत हलत नाही.

घरात तूमा, माझा नवरा, खाटेला खिळला होता. जूनमध्ये त्याची उजवी बाजू गेली. बोलणं संथ झालं, पण शाबूत राहिलं. छातीत मात्र कफ साचायचा. डॉक्टरनं मला दाराबाहेर नेऊन सांगितलं, की याला औषधाइतकीच ऊब हवी. खोली गार पडली आणि छाती भरली, तर मग माझ्याकडे येऊ नका. वाईट माणूस नव्हता तो, थकला होता.

घरं तापवायचं डिझेल त्या वर्षी लोकांच्या आवाक्याबाहेर गेलं. ज्यांनी जन्मात कुऱ्हाड धरली नव्हती तेही जळणामागे लागले. ऑक्टोबरात आमच्या पडवीतून तूमाची जुनी चेनसॉ कोणीतरी उचलून नेली. कोंबड्या तिथेच होत्या, त्यांना हातही लावला नाही. त्यावरून काळ ओळखावा.

लाकूड नव्हतं असं नाही. आमच्या शेताच्या खालच्या टप्प्यावर दोन वर्षांपूर्वीच्या वादळात आडवा झालेला ओक पडून होता, चांगला वाळलेला. तो एकटा आमचा हिवाळा काढू शकला असता. पण त्याचं खोड असं, की मी मिठी मारली तर माझी बोटं पलीकडे एकमेकांना लागत नसत. शेजारच्या नसीबकडे मोठी चेनसॉ होती. तो मनानं चांगला. "येतो काकू, उद्या नक्की," असं तो तीन आठवडे म्हणत होता, आणि रोज त्याला आधी आपल्या बहिणीकडे, मग सासूकडे, मग पाठ धरली म्हणून घरी जावं लागत होतं.

माझ्या लहानपणी जळण म्हणजे दोन माणसांचं काम असे. लांब करवत, दोन्ही टोकांना मूठ. एका बाजूला माझे वडील, दुसऱ्या बाजूला काका. वडील सांगायचे, आपण फक्त ओढायचं, ढकलायचं नाही, समोरचा त्याच्या वेळेला ओढतोच. काका ब्राझीलला गेले त्या शरदात दुसरी मूठ माझ्या हातात आली. चौदा वर्षांची होते मी. भुसा पायांवर पडायचा, त्याचा वास केसांत राहायचा, आणि आई शेगडीच्या राखेत चेस्टनट भाजून ठेवायची. त्या करवतीचा कुठला ब्रँड होता कोण जाणे. गावच्या लोहारानं केलेली होती.

सिडनीहून आमच्या मुलानं, सल्लूमनं, ओळखीच्या माणसाबरोबर पैसे पाठवले. एका करवतीपुरते होते ते. चुकीची घेतली, तर दुसरी घेण्याची सोय नव्हती. नसीब म्हणाला, निदान गाडीतून खाली नेतो, दुकानात मी असलो म्हणजे तुम्हाला कोणी फसवणार नाही. तूमाजवळ नसीबच्या आईला बसवून आम्ही वार्तानच्या दुकानात गेलो.

वार्तान अर्मेनियन. चेनसॉ, पंप, फवारे, सगळं विकायचा आणि सगळं दुरुस्त करायचा. चाळीस वर्षं आमच्यात राहूनही बाई आणि बुवा यांतला फरक त्याला बोलताना कधी जमला नाही. त्याच्या तोंडी मी 'आला', माझी बकरी 'आला', आणि आमचे पाद्री मात्र 'आली'. पाद्रीबाबा हसून सोडून देत.

दुकानात अबू दीब आधीच बसलेला होता, खालच्या गावचा, सुतारकाम केलेला. नसीब जर्मन करवतवाला, अबू दीब स्वीडिशवाला. मग काय विचारता. आमच्याकडे माणसं धर्म बदलतील, पण करवत बदलणार नाहीत. नसीब म्हणाला, जर्मन करवत बापानं घेतली आणि अजून मुलगा वापरतोय. अबू दीब म्हणाला, खरंय, कारण तुझ्या बापानं ती कधी कामालाच काढली नाही. स्वीडिश हाताला हलकी पडते, थरथर कमी, संध्याकाळी चमचा धरता येतो. यावर नसीब म्हणाला, की चमचा धरायची एवढी हौस असेल तर घरी भरतकाम करत बसावं. साखळी कोणाची लवकर बोथट होते, सुटे भाग कोणाचे मिळतात, कोणाच्या चुलतभावानं कोणत्या करवतीनं एका दिवसात किती ट्रक भरले, असं अर्धा तास चाललं. दोघांनी मला कॉफी दिली आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. एका गोष्टीवर मात्र त्यांचं जमलं: ओकचं खोड आहे, तेव्हा मोठीच घ्यायची, लांब पात्याची. लहान घेणं म्हणजे वेडेपणा.

मी कप हातात धरून बसले होते. माझ्या डोळ्यांपुढे घरचं घड्याळ होतं. नसीबची आई शेगडीत लाकूड सारायला विसरते, हे मला माहीत होतं.

वार्ताननं हात पुसले आणि विचारलं, "करवत कोण चालवतो?"

नसीब म्हणाला, बघू की, कोणीतरी गडी मिळेल, नाहीतर मी आहेच. वार्ताननं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तू चालवतो?"

कोणी हसलं नाही, त्याच्या बोलण्याची सगळ्यांना सवय होती. पण मी दचकले. जूनपासून इतक्या लोकांचं माझ्याशी जळणाबद्दल बोलून झालं होतं, आणि कोणी हे विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी गड्याची वाट बघत होते. मुलगे परदेशात, मजूर शहरात, नसीब उद्या येणार. समोरची मूठ धरायला कोणी येणारच नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "मी चालवतो." त्याच्यासारखंच निघालं तोंडातून.

"मग तू ओढ," तो म्हणाला.

त्यानं मोठी जर्मन जमिनीवर ठेवली. मागच्या मुठीत पाय कसा अडकवायचा, डाव्या हातानं कसं दाबून धरायचं ते दाखवलं. मी दोरी ओढली. अर्धी आली आणि खांद्यात कळ गेली. पाच वेळा ओढली, करवत नुसती उसासली. स्वीडिश ठेवली. तीही तशीच, तेवढीच मोठी. अबू दीब म्हणाला, झटका द्या काकू, झटका. मी अडुसष्ट वर्षांची होते. माझ्यात जेवढा झटका होता तेवढा मी दिला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी कोणाला दिसू दिलं नाही.

वार्तान आत गेला आणि एक लहान करवत घेऊन आला, जपानी, करडाएवढ्या वजनाची. पातं माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत. अबू दीबला हसू फुटलं. म्हणाला, हिनं फार तर गुलाब छाटावेत. मी दोरी ओढली. आत कुठेतरी स्प्रिंग असावी, दोरी माझ्याबरोबर आली. तिसऱ्या ओढीला ती चालू झाली आणि माझ्या पायाखाली गुरगुरू लागली.

"जाड लाकूड दोन बाजूनं काप," वार्तान म्हणाला. "हळू होतो. फार हळू होतो. पण मोठा करवत तुझ्या घरी झोपतो. हा काम करतो."

परत आल्यावर गाडीतून उतरताना नसीब म्हणाला, "काकू, चूक केलीत." मग दोन दिवसांनी येऊन त्यानं मला साखळीला धार लावायला शिकवली, हेही सांगायला हवं.

वार्ताननं खोटं सांगितलं नव्हतं. फार हळू झालं. आधी अलीकडून, मग खोडावरून पलीकडे जाऊन, एक चकती सुटायला कधी पाऊण तास लागे. मग ती फोडायची, ढकलगाडीत घालायची, चढ चढायचा. दिवसभरात मी एका दिवसाचं जळण आणायचे. ते त्याच दिवशी जळून जायचं. रास गुडघ्याएवढीच राहिली, आणि नंतर गुडघ्याखाली गेली. कधी वाटायचं, नसीब बरोबर होता. कधी वाटायचं, मोठी घेतली असती तर ती पडवीत पडून राहिली असती आणि तूमा डिसेंबरातच गेला असता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ पडलं. तीन दिवस थांबलं नाही. खालच्या टप्प्याची वाट बुजली, ओक दिसेनासा झाला. घरात लाकडाच्या चार ढलप्या उरल्या. तूमाच्या छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज येऊ लागला. मी सगळ्या गोधड्या त्याच्यावर घातल्या, दुसऱ्या खोलीचा दरवाजा उखडून जाळला. दुपारी मी त्याच्याजवळ बसले आणि त्याचा गार हात चोळत राहिले. मला काय विचारायचंय ते त्याला कळलं होतं. घराला लागून सफरचंदाची सात झाडं होती. त्यानं स्वतः कलमं बांधलेली, सल्लूमच्या जन्माच्या वर्षी. लहान करवतीला अगदी बेताची.

"कुठलं?" शेवटी मीच म्हटलं.

त्यानं खाटेलगतच्या खिडकीकडे पाहिलं. तिथलं झाड त्या उन्हाळ्यात पाणी न मिळाल्यानं अर्धं वाळलं होतं. त्याला पाणी तोच घालायचा. आणि अर्धं वाळलेलं झाड वसंतात पुन्हा पालवतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

"खिडकीतलं," तो म्हणाला. "वाळलेलं आहे, पेटेल. आणि मला रोज त्याची वाट बघत बसावं लागणार नाही."

मी बूट घातले. करवत बर्फात ठेवली, पाय अडकवला, दोरी ओढली. एरवी तिसऱ्या ओढीला चालू व्हायची, आज काही नाही. पुन्हा ओढली. बोटं बधिर झाली होती, दोरी निसटून पंज्यावर फटकन बसली. आठव्या की नवव्या वेळेला माझ्या घशातून हुंदका आला, आणि मी करवतीवर तशीच वाकून राहिले.

काचेवर टकटक झाली. तूमा डाव्या हाताच्या अंगठीनं काच वाजवत होता. मी उठले आणि खिडकी बोटभर उघडली.

"चोक," तो म्हणाला. श्वास घेऊन पुन्हा म्हणाला, "थंडीत आधी चोक ओढायचा. मग दोरी. आणि झाड वरच्या अंगाला पाड, मुंतहा, खाली कोंबड्यांचं खुराडं आहे."

मी खिडकी लावली आणि चोक ओढला.