शिरगावच्या ओढ्यावरचा फळा

मी फळा बोलतोय. शाळेतला समजू नका. मुलांच्या वाट्याला मी कधी आलोच नाही. बदलापूर स्टेशनाबाहेर किराणा दुकानाच्या भिंतीला मी टांगलेला असे आणि माझ्यावर साऱ्या जगाच्या बातम्या लिहिल्या जात.

लिहीत विष्णुपंत. शिरगावच्या वरच्या अंगाला नवा रंगाचा कारखाना निघाला होता, तिथले ते केमिस्ट. सकाळी कामावर जाण्याआधी ते मला ओल्या फडक्यानं पुसत, वळणदार अक्षरांत बातम्या लिहीत आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत. मी तेव्हा मोठ्या ताठ्यात होतो.

१९५४ साल. अमेरिकेनं समुद्रात हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली आणि तिची राख दूरवरच्या जपानी कोळ्यांच्या अंगावर पडली. माणसं भाजली. राखेत नेमकं काय होतं, हे डॉक्टर विचारत होते आणि उत्तर मिळत नव्हतं. विष्णुपंत संतापले. कोणाकडे किती बॉम्ब आहेत ते कोणी सांगत नाही, निःशस्त्रीकरणाच्या बैठका मात्र जोरात, असं त्यांनी लिहिलं. खाली टोमणा मारला, 'झाकली मूठ सव्वा लाखाची.' आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत : 'राखेत काय होतं ते सांगा. माणसं भाजली आहेत.'

दुसऱ्या दिवशी शिरगावची वेणूबाई आली. भाजीची पाटी खाली ठेवून तिनं विष्णुपंतांना हात जोडले. तिचा नवरा आण्णा ओढ्यात म्हशी धुवायचा. कारखान्याचं पाणी ओढ्याला येऊ लागलं आणि त्याच्या पायांची सालटी निघाली. अंबरनाथचे डॉक्टर म्हणत होते, पाण्यात काय आहे ते कळल्याशिवाय औषध तरी कसलं देऊ?

"आमचं लिवलंत, लई बरं झालं," वेणूबाई म्हणाली. "काल तुमी वाचलंत ना, तवाच मी घरी सांगितलं, आता उत्तर येल."

विष्णुपंतांना आधी उमगेना. मग ते हळूच म्हणाले, "वेणूबाई, ते जपानचं आहे."

"मंग आमचं कवा लिवनार?"

ओढ्यात काय सोडतात हे विष्णुपंतांना पक्कं ठाऊक होतं. बाहेर बोलायची मालकांची बंदी होती, एवढंच. त्यांनी माझा एक कोपरा पुसला आणि लिहिलं, 'शिरगावच्या ओढ्यात'. खडूत खडा होता. प्रत्येक अक्षराबरोबर तो माझ्या अंगावर कचकच ओरखडत गेला. पुढे त्यांचा हात चालेना. दुकानातली माणसं बघत होती. "माझी नोकरी जाईल हो," असं पुटपुटत त्यांनी ते दोन शब्द बाहीनं पुसले आणि सायकलवर बसून निघून गेले. वरचं 'राखेत काय होतं ते सांगा' तसंच राहिलं. ते वाक्य मिरवत मी दिवसभर भिंतीवर होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पुढे ते लिहीत, पण वाचून दाखवत नसत. वेणूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, "आमचं हाय का?" नाही म्हटलं की पाटी उचलून बाजाराला जाई. तिला चुकवता चुकवता विष्णुपंतांनी एक दिवस लिहिणंच सोडलं. मी रिकामा पडलो, तेव्हा वेणूबाईनं मला दुकानदाराकडून मागून नेलं.

पायांना चिंध्या गुंडाळून आण्णानं मला ओढ्यावर पुलासारखं आडवं टाकलं, निदान दुसऱ्या कुणाला पाण्यात उतरावं लागू नये म्हणून. माझी लिहायची बाजू खाली, पाण्याकडे आहे. खडूची अक्षरं कधीच गेली, पण खड्यानं उठलेला तो ओरखडा अजून वाचता येतो.

बड्या राष्ट्रांनी उत्तर दिलं की नाही, मला कळलं नाही. मला इथलंच दिसतं. कारखान्यात जाताना विष्णुपंत रोज माझ्यावरूनच जातात. सायकलवरून उतरतात, ती हातात धरतात आणि अगदी जपून पावलं टाकतात. पाण्यात पाय पडू नये म्हणून इतकं जपणारा माणूस शिरगावात दुसरा नाही.

विष्णुपंत, एकदा मला उलटा करा. पहिले दोन शब्द तुमच्याच हातचे आहेत.