मास्तरांची भगवी ज्योत

१९५२ सालची गोष्ट. शनिवारी दुपारी कोपरीच्या देवळापुढं ही रेटारेटी! ज्योतिनाथ महाराज आले होते. त्यांच्यापुढं पितळी वाटीत स्पिरिटची निळी ज्योत फुरफुरत होती. भक्तानं पुढं व्हायचं, ज्योतीवर दोन्ही तळहात चोळायचे, आणि ज्योतीनं त्याच्या आत्म्याचा रंग दाखवायचा. हिरवी झाली तर पुण्यवान. तशीच राहिली तर सामान्य जीव.

"ही ज्योत ना नात्याची, ना गोत्याची!" महाराज गरजत होते. "इंद्राच्या दरबारातून निघाली, हिमालयमार्गे आली, मुक्काम कोपरी!"

मी परचुरे मास्तर. ठाण्याच्या एका शाळेत मॅट्रिकला विज्ञान शिकवतो. सकाळची शाळा सुटल्यावर हातपायही न धुता, जरा गंमत बघू म्हणून वाटेत थांबलो होतो. कुणीतरी मागून ढकललं आणि मी थेट ज्योतीसमोर. हात चोळले. ज्योत तांबूस झाली, चक्क भगवी!

"भगवा रंग!" महाराज उभेच राहिले. "गेल्या जन्मीचा तपस्वी!"

लोक माझ्या पाया पडायला लागले. खरं तर मी तिथंच विचारायला हवं होतं, की बाबा, हा रंग आला कुठून? विचारलं नाही. उलट डोळे अर्धवट मिटून, तपस्व्याला शोभेल असा चेहरा केला. अहो, शाळेत वीस वर्षांत माझ्या पाया कुणी पडलं नव्हतं.

माझ्यानंतर शेवंती आली. मिठागरावरून तशीच आली होती, सासू आवडाबाईच्या मागं मागं. तिनं हात चोळले आणि ज्योत भप्पकन पिवळीधमक झाली. महाराज क्षणभर दचकलेच. पण सावरायला काय वेळ?

"पिवळा दोष!" ते कडाडले. "पौर्णिमेच्या आत हिला माहेरी धाडा. तान्ही पोर इथंच राहू दे, नाहीतर दोष पोरीला लागेल!"

आवडाबाईनं मान डोलावली. शेवंतीचा चेहरा मात्र बघवेना. तरी मी तपस्वीच राहिलो.

रविवारी सकाळी शेवंती माझ्या दारात उभी. कडेवर पोर.

"मास्तर, तुमची ज्योत भगवी. तुमचा शब्द महाराज मोडायचे नाय. सांगा ना त्यांना. मना माहेरी, खडवलीला धाडतात. पोर अजून अंगावर पिते माझी."

आणि मी गाढवानं काय बोलावं? "अगं, ज्योत खोटं बोलत नाही!"

इतक्यात आत आमटी उतू गेली. स्टोची निळी आच एकदम पिवळी झाली. अगदी तस्सा पिवळा! शेवंती बघतच राहिली.

"मास्तर, तुमचे स्टोलापन दोष लागला?"

"कसला दोष?" बायको पातेलं उतरवत म्हणाली. "आमटीत मीठ आहे, म्हणून पिवळी दिसते. रोजचंच आहे."

माझ्या कानाखाली कुणीतरी वाजवल्यासारखं झालं. मीठ! सोडियम! अकरा इलेक्ट्रॉन, दोन, आठ, एक! दरवर्षी फळ्यावर लिहितो, पोरांकडून घोकून घेतो. आणि समोर पेटलं तेव्हा ओळखता आलं नाही. शेवंतीनं आपल्या हातांकडं पाहिलं. दिवसभर मीठ ओढून पांढरे पडलेले हात.

"आनी हिरवी होते," ती हळूच म्हणाली, "ती महाराज ज्यांच्या हाताला अंगारा लावतात त्यांचीच. मी बघत होते."

संध्याकाळी आम्ही देवळापुढं गेलो. मी म्हटलं, "महाराज, शेवंती हात धुऊन पुन्हा चोळेल."

"आधी तुमी धुवा, मास्तर," शेवंती म्हणाली.

आली का पंचाईत? एक क्षण वाटलं, माझं भगवं राहू द्यावं आणि तिचं तेवढं पिवळं पुसावं. लाज वाटली. धुतले हात. चोळले. ज्योत निळीच राहिली. माझी सगळी तपश्चर्या म्हणजे शनिवारी शाळेतून हाताला आलेली खडूची भुकटी, तिच्यातल्या कॅल्शियमचा तांबूस रंग! लोक खो खो हसले. मग शेवंतीनं धुतलेले हात चोळले. निळीच. मी रस्त्यातल्या धोंड्यावर महाराजांचा अंगारा चोळून तो ज्योतीत धरला, तर धोंडा हिरवागार पुण्यवान निघाला. अंगाऱ्यात बोरिक पावडर होती, कान फुटल्यावर घालतात ती.

मी लोकांना सांगितलं, "मिठातल्या सोडियमच्या अणूत अकरा इलेक्ट्रॉन राहतात. पहिल्या मजल्यावर दोन, दुसऱ्यावर आठ, तिसऱ्यावर एकटा एक. आच लागली की हा एकटा वरच्या मजल्यावर उडी मारतो. तिथं टिकत नाही. खाली येतो, आणि येताना घेतलेली शक्ती उजेड म्हणून सोडतो. त्याची उडी ठरलेली, म्हणून रंगही ठरलेला, पिवळा. मीठ कुणाच्या हातावर आहे, हे त्याला ठाऊक नसतं."

महाराज वाटी उचलायला वाकले. तेवढ्यात आवडाबाई पुढं आली. ओटीतून मिठाची चिमूट काढून तिनं ज्योतीत टाकली. भप्पकन पिवळं.

"चाळीस वर्सं मीठ ओढला मी," ती म्हणाली. "माजे हात बघितलं असतं तर मनापन धाडला असता की रे!" मग सुनेकडं वळली. "चल घरा. पोरीला भूक लागली असंल."

मंडळी, महाराज लबाड होता, ते सोडा. त्याचं पोटच त्यावर. पण मी शिकलेला, आणि कौतुकाचा रंग माझ्या वाट्याला आला म्हणून गप्प बसलो. चमत्कार आपल्याला शिव्या देतो तेव्हा कुणीही तपासतो. तो पाठ थोपटतो तेव्हाही तपासा. हात जोडण्याआधी एकदा धुऊन बघा.